पोलीस ठाणे आणि आपली वस्ती
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही गिरणीत घाम गाळलेली माणसं. शाळा थोडी, वाचन पाळी सुटल्यावरचं. तेव्हा बोलण्यात काही उणंअधिक झालं तर सांभाळून घ्यावं. आजचा विषय पोलिसांचा आहे. सभेत तो सहसा कुणी काढत नाही, पण घराघरात तो आहेच. रात्री दारावर काठी वाजली की आईच्या पोटात गोळा येतो. चोरी झाली तरी ठाण्याची पायरी चढायला माणूस कचरतो. ज्याच्या भरवशावर निजायचं त्याचीच धास्ती, ही कसली सुरक्षितता?

ही धास्ती उगाच नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक जाब विचारायला रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण बळी पडले. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली ती २००९ साली, बारा वर्षांनी; पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीनही मिळाला.

मग पोलीसच नकोत म्हणायचं का? नाही. मवाली, दारूचे अड्डे, बाईमाणसाची छेड, यांचा त्रास गरिबाच्याच वस्तीला जास्त. आम्हाला पोलीस हवेत, पण उत्तर देणारे हवेत.

असं होऊ शकतं का? भिवंडीकडे बघा. यंत्रमागाचं गाव, कामगारांचं गाव. १९७० ला आणि १९८४ ला तिथे भयंकर दंगली झाल्या. १९८८ साली सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यात पुढारी नव्हते. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्या भागाचा पोलीस एकत्र बसायचे. नळाचं भांडण, गटाराचं भांडण, नवरा-बायकोची कटकट, सगळं तिथेच बोललं जायचं. म्हणून अफवा उठली तेव्हा विचारायला ओळखीचं माणूस होतं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसं मेली, पण शेजारची भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही १९९४ च्या सुमारास मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली.

पण बाजू दोन्ही सांगितल्या पाहिजेत. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत, कब्रस्तानाजवळ पोलीस ठाणं बांधण्यावरून पेटलं. गोळीबारात दोघे मेले आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार केलं. ते शिपाईही गरिबाचीच लेकरं. यातून आम्ही एवढंच समजतो की कमिटी ही एकदा लावून विसरायची पाटी नाही. ती रोज चालवावी लागते, मागासारखी. आणि ती पोलिसांची खबरी होऊन बसली तर वस्तीचा विश्वास जातो, मग तिचा उपयोग शून्य.

नुसत्या सलोख्यानेही भागत नाही, हक्कही माहीत पाहिजे. सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी घटना समितीत एक कलम खास मांडलं. तेच आजचं कलम २२. पकडलेल्या माणसाला कारण सांगा, वकील भेटू द्या, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायाधीशापुढे उभं करा. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचा कागद, त्यावर साक्षीदाराची सही आणि नातेवाइकाला खबर बंधनकारक केली. २००६ च्या प्रकाश सिंग निकालाने तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं; महाराष्ट्राने त्यासाठी २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र असेल तर कुठल्याही ठाण्याने तो नोंदवायचा आहे, आणि फिर्यादीला त्याची प्रत फुकट द्यायची आहे. कागदावर एवढं सगळं आहे. पण कागद आपल्या पायाने चालत ठाण्यात जात नाही, त्याला माणूस न्यावा लागतो.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. या विहारात पाच जणांची कमिटी करू, त्यात निदान तीन बाया. वस्तीतलं पोर उचललं गेलं तर दोघांनी तासाभरात ठाण्यात जायचं, आरडाओरडा न करता अटकेचा कागद मागायचा, वेळ लिहून ठेवायची. एका वकिलाचा नंबर भिंतीवर लावायचा. बाईला तक्रार द्यायची असेल तर तिला एकटं पाठवायचं नाही. महिन्यातून एकदा बीटच्या पोलिसाला इथे बोलवायचं, चहा पाजायचा आणि हिशेबही विचारायचा. आणि आपलं पोर खरंच चुकलं असेल तर त्याला पाठीशी घालायचं नाही. कायदा मागणाऱ्याने तो आपल्या घरातही पाळला पाहिजे.

नावं आज इथेच लिहून घेऊ. वही अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली आहे. जयभीम.