मुलीनं दाखवलेले फ्रान्समधले दोन वाडे

(मंडळाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)



आमची थोरली मुलगी फ्रान्सात शिकायला गेली आहे, तिथल्या काही गोष्टी सांगाव्यात असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून मी उभी राहिले आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं. सभेत बोलण्याची सवय नाही. पापड लाटताना आपण बोलतो तशीच बोलणार आहे, तेव्हा गोड मानून घ्यावं.

मुलगी गेल्यापासून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "काय हो, अभ्यास करते की नुसती हिंडते?" मोबाईलवर तिचे फोटो येतात, आज या वाड्यासमोर, उद्या त्या नदीकाठी. ते बघून कुणाला तसं वाटलं तर नवल नाही. शिवाय तिच्या शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलं आहे आणि माझ्या पाटल्याही तारण पडल्या आहेत. म्हणून तोच प्रश्न मी तिलाही विचारला. त्यावर ती म्हणाली, "आई, या शनिवार-रविवारी मी दोन वाडे बघायला चालले आहे. तूही चल माझ्याबरोबर. मग तूच काय ते ठरव."

म्हणजे काय, तर ती फोन हातात धरून चालणार आणि मी इथं बसून बघणार. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं. तिचे सकाळचे दहा म्हणजे आपला दुपारचा दीड. जेवणं आटोपून, ओटा पुसून मी निवांत बसू शकले. जिथं फोन लागत नव्हता तिथलं तिनं रात्री सांगितलं.

ती तूर नावाच्या शहरात शिकते. हे शहर लूआर नदीच्या काठी आहे. फ्रान्समधली ही सर्वांत लांब नदी, जवळजवळ हजार किलोमीटरची. पाचशे वर्षांपूर्वी फ्रान्सचे राजे पॅरिसपेक्षा या नदीच्या खोऱ्यातच जास्त रमत, म्हणून तिथं राजांचे, सरदारांचे, सावकारांचे वाडे उभे राहिले. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं डोंगर, तटबंदी, बुरूज येतो. तिथले बरेचसे तसे नाहीत. ते नदीकाठी, सपाटीवर, बागेत बांधलेले. जुन्या लढाऊ गढीला आणि या राहत्या वाड्याला फ्रेंच भाषेत 'शातो' असा एकच शब्द आहे. मी आपली वाडाच म्हणणार आहे.

शनिवारी ती शाँबोरला गेली. तूरहून आगगाडीनं ब्ल्वा या गावी आणि तिथून बसनं. डब्यात रात्रीच्या पोळ्यांचा कुस्करा आणि दोन केळी. विद्यार्थ्यांना काटकसर ही करावीच लागते, कारण तिथं बाहेर एक वेळ जेवायचं म्हणजे चार दिवसांच्या भाजीचे पैसे जातात.

शाँबोरचा वाडा पहिल्या फ्रांस्वा राजानं १५१९ साली बांधायला काढला. भगिनींनो, तो बघून मी तोंडात बोटच घातलं. चारशेहून जास्त खोल्या! ऊब मिळावी म्हणून भिंतींत केलेल्या २८२ शेकोट्या! छपरावर धुराड्यांची आणि मनोऱ्यांची एवढी गर्दी, की वर आणखी एक गाव वसलं आहे असं वाटावं. सभोवार रान, आणि त्या रानाला ३२ किलोमीटरची दगडी भिंत.

मधोमध एक नवलाचा जिना आहे. दोन जिने एकमेकांभोवती वेणीसारखे गुंफले आहेत. एकीनं एका बाजूनं चढावं, दुसरीनं दुसऱ्या बाजूनं उतरावं, मधल्या झरोक्यांतून एकमेकींना बघावं, पण वाटेत गाठ पडायची नाही. लिओनार्दो दा विंची हा मोठा चित्रकार फ्रांस्वा राजाच्या आश्रयाला होता. जवळच आँब्वाझ इथं तो १५१९ सालीच वारला. जिन्याची कल्पना त्याचीच असावी असं पुष्कळजण मानतात.

एवढं वैभव बघून मी मुलीला विचारलं, "अगं, या घरात माणसं किती राहत?" ती हसली. म्हणाली, "तेच तर सांगते आहे. राजा बत्तीस वर्षं गादीवर होता. पण या वाड्यातला त्याचा मुक्काम मोजला तर सगळे मिळून अडीच महिनेही भरत नाहीत." शिकारीला यायचं, पाहुण्यांना दिपवायचं आणि निघून जायचं. राजा येणार म्हटलं की पलंग, गालिचे, भांडीकुंडी गाड्यांवर घालून बरोबर आणायची. राजा निघाला की सगळं परत बांधायचं. सामानसुमानाला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थच 'हलवता येण्याजोगं' असा आहे म्हणे. २८२ शेकोट्या, पण चूल एकीचीही नाही, असं ते घर.

त्याचा मोठा उपयोग झाला तो पुढं चारशे वर्षांनी. १९३९ साली महायुद्ध सुरू होताना पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली अमोल चित्रं पेट्यांत घालून इथं आणून ठेवली. जगप्रसिद्ध मोनालिसाही काही काळ इथं होती.

रविवारचा वाडा मात्र अगदी निराळा. तो तूरहून आगगाडीनं अर्ध्या तासावर, स्टेशनच्या अगदी जवळ. त्याचं नाव शनाँसो. शेर नावाच्या नदीवर तो उभा आहे. नदीकाठी नव्हे हं, नदीवर! पाण्यात कमानी घातल्या आहेत आणि कमानींवर घर. फोनमध्ये पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब हलताना दिसलं, तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं.

या वाड्याला तिथले लोक 'बायकांचा वाडा' म्हणतात. का म्हणतात ते ऐका.

तोमा बोहिए नावाचा राजाचा एक खजिनदार होता. त्यानं ही जागा घेतली, जुनी गढी पाडून फक्त तिचा एक बुरूज ठेवला आणि १५१५ च्या सुमारास नवं घर बांधायला काढलं. पण तो असायचा राजाबरोबर इटलीच्या लढायांवर. मग बांधकामावर देखरेख कुणी केली? त्याच्या बायकोनं, कातरीन ब्रिसोनेनं. आपल्याकडेही नवरा नोकरीला बाहेरगावी असला की घराचा पाया खणण्यापासून गिलाव्यापर्यंत गवंड्याच्या मागं लागणारी बाईच असते ना? तशीच ही. त्या काळी वाड्यांतले जिने गोल, नागमोडी असत. या घरात मात्र सरळ जिना आहे. फ्रान्समधल्या अगदी पहिल्या सरळ जिन्यांपैकी तो एक. भरलेली परात हातात घेऊन जी जिना चढली आहे, तिला सरळ जिन्याची किंमत सांगायला नको.

पुढं काय झालं? नवरा १५२४ साली वारला, ती दोन वर्षांनी गेली. नवऱ्याच्या हिशेबात सरकारचं देणं निघालं आणि मुलाला १५३५ साली वाडा राजाच्या हवाली करावा लागला.

नंतर दुसऱ्या हेन्री राजानं १५४७ साली तो आपल्या मर्जीतल्या द्यान द प्वातिए हिला दिला. ती त्याच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठी होती. हिशेबाला पक्की. तिनं मोठी बाग केली आणि नदीवर पलीकडच्या तीरापर्यंत कमानींचा पूल बांधवला. १५५९ साली राजा खेळातल्या भाल्याची जखम होऊन मेला. त्याची राणी कातरीन द मेदिसी हिनं इतकी वर्षं मुकाट्यानं सोसलं होतं. तिनं द्यानला सांगितलं, हा वाडा सोड आणि त्याच्या बदली शोमाँचा घे. बाईनं बाग केली, पूल केला, पण राजाचा हात डोक्यावरून जाताच घर गेलं.

राणीनं त्या पुलावर दोन मजली दालन उठवलं. साठ मीटर लांब, दोन्ही अंगांनी मिळून अठरा खिडक्या, खाली काळ्यापांढऱ्या फरश्यांचा पट. तिथं तिनं मोठमोठे समारंभ केले आणि मरताना डोंगराएवढं कर्ज ठेवलं. वाडा सुनेकडे, लुईझकडे आला. तिच्या नवऱ्याचा, तिसऱ्या हेन्री राजाचा, १५८९ साली खून झाला. तिनं आपली खोली काळ्या रंगानं रंगवून घेतली आणि त्यावर रुपेरी अश्रू काढवले. स्वतः मात्र पांढरी वस्त्रं नेसायची, कारण तिथल्या राण्यांचं वैधव्य पांढऱ्या रंगाचं. मुलगी त्या खोलीत गेली तेव्हा आम्ही दोघीही काही बोललो नाही. देश कुठला, राणी कुठली, पण पांढरं वस्त्र ओळखीचं निघालं.

१७३३ साली वाडा द्युपॅं कुटुंबानं विकत घेतला. या घरची बाई, मादाम द्युपॅं, मोठी विदुषी. व्होल्तेर तिच्याकडे येई, आणि पुढं जगप्रसिद्ध झालेला रूसो तिचा लेखनिक होता. स्त्रिया पुरुषांहून कमी नाहीत, हे दाखवण्यासाठी ती एक मोठा ग्रंथ लिहीत होती. ती सांगे आणि रूसो लिहून घेई. तिच्या हयातीत तो ग्रंथ छापला गेला नाही. १७८९ साली राज्यक्रांती झाली. लोक सरदारांचे वाडे जाळत होते. हा वाडा मात्र वाचला. याचं कारण असं सांगतात, की हा नुसता वाडा नाही, नदीवरचा पूल आहे, मोडलात तर पलीकडे जाणार कसे, हे लोकांना पटलं. शिवाय आसपासच्या लोकांत बाईंविषयी आदर होता. १७९९ साली, त्र्याण्णव वर्षांच्या होऊन त्या वारल्या.

१९१३ साली हा वाडा मेनिए नावाच्या चॉकलेटवाल्या घराण्याकडे आला आणि अजून त्यांच्याकडेच आहे. पहिल्या महायुद्धात त्यांनी त्या साठ मीटरच्या दालनात स्वखर्चानं इस्पितळ उघडलं. दोन हजारांहून जास्त जखमी शिपायांवर तिथं उपचार झाले, आणि परिचारिकांवर देखरेख त्याच घरच्या सिमोन मेनिए यांची होती. दुसऱ्या महायुद्धात तर नवलच घडलं. १९४० साली जर्मनांनी फ्रान्सचे दोन तुकडे केले आणि सीमा आली ती याच नदीवर! वाड्याचं पुढचं दार जर्मनांच्या ताब्यातल्या भागात, दालनाचं मागचं दार मोकळ्या भागात. त्या दारानं कित्येकांना पलीकडे सुखरूप पोचवलं. सासूसुनांनी, सवतींनी ज्या पुलासाठी जीव टाकला, त्यानं शेवटी परक्यांचे जीव वाचवले.

आता स्वयंपाकघराचं सांगते, नाहीतर तुम्ही मला सोडणार नाही. स्वयंपाकघर आहे पुलाच्या खांबांच्या पोटात, पाण्याच्या लगत. भाजीपाला, धान्य होडीतून थेट कोठीच्या दाराशी येई. एक भली मोठी चूल, शेजारी पाव भाजायची भट्टी, भिंतीवर ओळीनं टांगलेली तांब्याची भांडी. मी विचारलं, "कल्हई आहे का गं?" हात लावायची परवानगी नव्हती, पण तिनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "आतून पांढरी दिसतात, आई." प्रत्येक खोलीत ताजी फुलं. ती वाड्याच्याच बागेतली आणि मांडायला वेगळी माणसं नेमलेली. ते घर अजून राहतं वाटतं ते त्यामुळे. शाँबोरला डोळे दिपले, इथं जीव लागला.

संध्याकाळी गाडीत बसल्यावर तिनं मला एकच विचारलं. "आई, कातरीननं घर उभं केलं ते गेलं नवऱ्याच्या हिशेबात. द्यानचं गेलं राजा गेल्यावर. आपल्या घराच्या उताऱ्यावर तुझं नाव आहे का गं?"

नव्हतं. आमचं घर बांधताना पाण्याची पिंपं मी भरली, विटा मी मोजून घेतल्या, गवंड्यांना चहा मी केला. पण कागदावर माझं नाव असावं, हे आजवर घरात कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. रात्री मी यांच्याजवळ विषय काढला. दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "चल, ग्रामपंचायतीत अर्ज देऊन येऊ." अर्ज दिला आहे. काम व्हायचं आहे, पण होईल.

तेव्हा भगिनींनो, मुलगी अभ्यास करते की हिंडते, याचं उत्तर मी दिलं असं समजा. सोमवारी सकाळी ती वर्गात हजर होती, हेही सांगून ठेवते. तुमच्या मुली शिकायला पुण्याला जावोत की परदेशी, त्यांनी फिरलेलं ऐकायला तासभर काढा. आणि आज घरी गेल्यावर आपापल्या घराचा उतारा एकदा काढून बघा. ज्यांना तो वाचता येत नसेल, त्यांनी पुढच्या सभेला बरोबर आणावा. आपण सगळ्या मिळून वाचू.