एलियस उर्फ ‘एरवी’

आजचा शब्द आहे ‘एलियस’. पोलिसांच्या बातम्यांत एखाद्या नावाला हा शब्द चिकटला, की आपल्याला वाटतं, काहीतरी लपवाछपवी आहे. पण मूळ शब्द बिचारा साधा आहे.

लॅटिनमध्ये ‘अलियुस’ म्हणजे दुसरा. त्यावरून झालेलं क्रियाविशेषण ‘अलियास’, म्हणजे ‘दुसऱ्या वेळी, एरवी’. इंग्लंडच्या जुन्या कोर्टाच्या कागदांत ‘अलियास दिक्तुस’ लिहायचे: ‘एरवी ज्याला असं म्हणतात तो’. पुढे ‘दिक्तुस’ गळालं, एलियस उरला. ‘ॲलिबाय’ त्याचाच भाऊ. त्याचा अर्थ ‘दुसरीकडे’.

आपल्याकडे हेच काम अरबीतून आलेला ‘उर्फ’ करतो. विष्णु वामन शिरवाडकर उर्फ कुसुमाग्रज! इथे येतो का कुणाला संशय? आम्ही प्रोग्रामर तर टर्मिनलवर सर्रास एलियस बनवतो. लांबलचक कमांडला छोटं नाव, काम तेच.

म्हणून उद्या तुम्ही नावं जुळवणारं सॉफ्टवेअर लिहाल, तेव्हा एक लक्षात ठेवा. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगळं दिसलं, म्हणून ती बाई खोटी ठरत नाही. तिला एरवी दुसऱ्या नावाने ओळखतात, एवढंच. फॉर्ममध्ये त्या ‘एरवी’साठी एक रकाना ठेवा. भेटू पुढच्या भागात!