मिरजेत आपले स्वागत

सन्माननीय अध्यक्ष महोदया, मान्यवर आणि दूरदूरहून आलेल्या शल्यचिकित्सक बंधुभगिनींनो, मिरजकरांच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत!

१८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी इथे इस्पितळ उभारले आणि मिरज वैद्यकीचे गाव झाले, हे आपण जाणताच. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण फरीदसाहेब शिकलगारांचे नाव किती जणांनी ऐकले असेल? शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले, तेव्हा पटवर्धन सरकारांच्या या संस्थानात फरीदसाहेबांनी सतार हाती घेतली. आज देशभर वाजणारे मिरजेचे तंबोरे त्यांच्या पुण्याईचे आहेत. त्यांचे नाव गावातल्या एखाद्या मोठ्या चौकाला द्यावे, ही माझी जुनी मागणी आहे.

आमचे कारागीर जवारी कशी काढतात, ते मी लहानपणापासून पाहत आलो. घोडीवर कानशीचा एक हात फिरवायचा, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा एक हात. कमी घासले तर आवाज खुलत नाही, केसभर जास्त गेले तर घोडी वाया.

मी डॉक्टर नाही. पण स्तन राखून कर्करोगाची गाठ काढताना किती कड घ्यायची, हा आपला विषय मला समजावून सांगण्यात आला, तेव्हा तीच कानस आठवली. काढलेल्या भागाला बाहेरून शाई लावतात. आजूबाजूला पसरू लागलेल्या कर्करोगात त्या शाईला गाठीची पेशी भिडलेली नसली, की कड पुरेशी. पुढे किरणोपचार होणार असतील, तर त्याहून रुंद कड घेण्याची सरसकट गरज नाही, असे अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांच्या आणि किरणोपचारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ साली सांगितले. किती बायाबापड्यांची दुसरी शस्त्रक्रिया त्यामुळे टळली असेल!

व्यवस्थेत उणिवा आहेत. निवासाच्या खोल्या तीन ठिकाणी विखुरल्या आहेत, काल रात्री दोन तास वीज नव्हती, काहींना स्टेशनवर गाडीसाठी ताटकळावे लागले. या सगळ्याबद्दल मी हात जोडून क्षमा मागतो. सभागृह विनामूल्य देणारे विश्वस्त, भोजनखर्च उचलणारे हळदीचे व्यापारी, मंडपवाले, रात्रभर राबलेले विद्यार्थी आणि पहाटे चारला चुली पेटवणाऱ्या आमच्या भगिनी यांचे ऋण मोठे आहे.

एकच विनंती. संध्याकाळी साडेपाचला प्रवेशद्वारापाशी गाड्या उभ्या असतील. सतारमेकर गल्लीत चला. कारागीर आपली वाट पाहत आहेत.