सोंगाच्या खेळातील नाणे

१९८२ साली इंग्लंडातील चेशायर परगण्यात, पेकफर्टनच्या किल्ल्यात, ‘ट्रेझर ट्रॅप’ हा खेळ सुरू झाला. अशा खेळांत माणसे योद्ध्याचे वा व्यापाऱ्याचे सोंग घेऊन प्रत्यक्ष वावरतात. पराक्रमाबद्दल संयोजक खेळातली नाणी देतात. पण ती खर्चावयाची कोठे? जेवणाला खरा पैसा लागतो, तलवार घरून येते. साहजिकच जुन्या खेळाडूच्या थैलीत नाणी साचतात. विकत घेण्याजोग्या वस्तू मोजक्याच; त्यांचे भाव चढतात. ते जुन्यास परवडतात, नवखा मात्र रित्या हातांनी पाहत राहतो. मग संयोजकांना कर बसवावे लागतात, शस्त्रांच्या डागडुजीचे मोल ठरवावे लागते. नाणे पाडणे सोपे असते. ते परत फिरेल अशी वाट बांधणे अवघड. ही अडचण खेळातली खरी, परंतु खेळापुरतीच नव्हे.