उच्चाराची लाज कशाला?

मराठी मेळाव्याच्या अध्यक्षाने इंग्रजीच्या उच्चारांवर बोलावं, हे काहींना अस्थानी वाटेल. वाटू द्या. आपली जबलपुरी मराठी ऐकून पुण्यात कुणी नाक मुरडलं की आपल्याला संताप येतो. आणि घरी आपण मुलाचं इंग्रजी 'देशी' वाटतं म्हणून त्याला शिकवणी लावतो. म्हणजे पुण्याने आपल्याशी केलं ते आपण पोराशी करतो.

भारतीय इंग्रजी म्हणजे बिघडलेलं लंडनी इंग्रजी, हे गृहीतच मला अमान्य आहे. या उच्चाराला नियम आहेत. बहुतेक भारतीय इंग्रजी टी-डीचे ट-ड करतात, व्ही आणि डब्ल्यू एकाच 'व'मध्ये बसवतात. शब्दारंभीच्या 'पी'बरोबर इंग्रज हवेचा झोत सोडतो. आपण सोडत नाही, कारण आपल्या भाषांत प आणि फ हे स्वतंत्र वर्ण आहेत. यात आळस कुठे आला? प्रांताचा थर त्यावर चढतो: याच जबलपुरात कुणी 'इस्कूल' म्हणतो, मराठी मुलाला 'स्कूल' सहज जमतं. (त्याचा तोरा मिरवू नये.) 'कार'मधला शेवटचा र आपण खणखणीत म्हणतो, त्यालाही हसतात. पण तो र दक्षिण इंग्लंडने अठराव्या शतकात टाकायला घेतला. स्कॉटलंड, आयर्लंड आणि बहुतेक अमेरिकेने आजवर सांभाळला. आणि आपल्या उच्चाराचं हे वळण आजचं नाही. सागरहून 1873 साली इथे आलेलं सरकारी महाविद्यालय, पुढचं रॉबर्टसन कॉलेज, किंवा देशातलं तसलं कुठलंही कॉलेज घ्या: भारतीय मास्तरांकडून भारतीय मुलं इंग्रजी शिकत गेली, तसा हा उच्चार मुरत गेला.

आक्षेप येईल की हे बाहेरच्याला कळत नाही. हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. उच्चारशास्त्राचे अभ्यासक आर. के. बन्सल यांनी 1969 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच तपासलं. परक्या श्रोत्यांना आपलं बोलणं सरासरी सत्तर टक्क्यांच्या आसपास कळलं, आणि न कळण्यामागे शब्दातल्या चुकीच्या आघाताचा, म्हणजे भलत्याच अक्षरावर जोर देण्याचा, वाटा मोठा होता. मग आघात शिकवा ना! ट-ड वर का रागावता? दुसरा आक्षेप नोकरीचा. मालकाला स्पष्ट बोलणारा माणूस हवा असतो. उसना सूर घेतलेला उमेदवार तिसऱ्या वाक्याला घसरतो. आणि ही लाज फक्त आपलीच नाही. ऑस्ट्रेलियातही सुशिक्षितांना आपल्या उच्चाराची लाज वाटे. 1940च्या दशकात ए. जी. मिचेल या प्राध्यापकांनी तिथला उच्चार प्रतिष्ठित आहे असं ठणकावून मांडलं, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. आज तिथल्या नभोवाणीला लंडनी सूर लागत नाही.

तेव्हा माझं मागणं सरळ आहे. आपल्या शाळांनी इंग्रजीच्या तासाला आघात शिकवावा, आणि लंडनी सूर विकणाऱ्या वर्गांना आपल्या संस्थांनी यापुढे सभागृह भाड्याने देऊ नये.