एका कागदावरची तीन नावं

माझ्या लहानपणी आमच्या गोंदियाच्या घरात एका माणसाच्या नावानं फातिहा पढायला मनाई होती. तो आजीचा धाकटा भाऊ. लढाईच्या आधी रंगूनला कामाला गेला आणि १९४२ नंतर त्याचं पत्र आलं नाही. आझाद हिंद फौजेत गेला, असं कुणी कुणी सांगे. शब-ए-बरातला घरातल्या गेलेल्यांची नावं घेतली जात. त्याचं नाव कुणी काढलं की आजी हातानंच थांबवायची. फातिहा मेलेल्यासाठी, हा मेला, हे कुणी पाहिलं? ती स्वतः गेली तेव्हाही तो तिच्या लेखी रंगूनमध्येच होता.

त्यामुळंच असेल, परदेशात राहिलेल्या क्रांतिकारकांचं चरित्र हाती आलं, की मी शेवटचं पान आधी उघडतो.

असंच वाचताना तीन नावं एका कागदावर भेटली. १९२१ साली बर्लिनहून मॉस्कोला गेलेल्या हिंदी क्रांतिकारकांपैकी तिघांनी हिंदुस्थान आणि जागतिक क्रांती या विषयावर लेनिनसाठी एक निवेदन तयार केलं. पांडुरंग खानखोजे, वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि गुलाम अंबिया खान लुहानी.

खानखोजे आपल्या वर्ध्याचे, गोंदियाहून निघालेली गाडी जिथं थांबते तिथले. गदर चळवळीतून ते इराणच्या रणांगणावर गेले. पुढं मेक्सिकोत शेतकीचे प्राध्यापक झाले, तिथं मक्याच्या नव्या जाती काढल्या. स्वातंत्र्यानंतर परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. त्यांच्या कन्येनं त्यांचं चरित्रही लिहिलं.

उरलेले दोघे सोव्हिएत देशात गेले आणि तिथंच संपले. चट्टोपाध्याय म्हणजे सरोजिनी नायडूंचे धाकटे भाऊ. लेनिनग्राडच्या मानववंशशास्त्र संस्थेत काम करत होते. १९३७ च्या जुलैत त्यांना अटक झाली. ३१ ऑगस्टला १८४ नावांच्या एका यादीवर स्टालिननं सही केली, त्यात त्यांचं नाव होतं. २ सप्टेंबरला गोळी घातली. सरोजिनीबाई १९४९ मध्ये गेल्या. ही दप्तरं संशोधकांसाठी उघडली ती सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडल्यानंतर. एवढ्या मोठ्या घरातल्या बहिणीची ही गत, मग आमच्या आजीचं काय सांगावं!

लुहानींचं तर नावही आपल्याकडं कुणी घेत नाही. सिराजगंजचे, आता ते गाव बांगलादेशात. कॉमिन्टर्नमध्ये भाषांतरं करायचे. १७ सप्टेंबर १९३८ ला त्यांनाही गोळी घातली. त्या दिवसांत तिथं परदेशी माणूस दिसला की तो हेर, असाच संशय होता. ज्यांनी इंग्रजांशी उभा दावा मांडला, त्यांनाही त्यातून सूट नव्हती.

अंदमान आणि फाशी आपण पाठ करतो, कारण तिथं गुन्हेगार इंग्रज असतो. या दोघांना मारलं ते यजमानांनी. मग त्यांना कोणत्या धड्यात बसवायचं? भारत, बांगलादेश, रशिया, कुणालाच त्यांची नड नाही. आमच्यातलेही काही जण मला म्हणाले, 'कशाला उकरता?'

गेली काही वर्षं शब-ए-बरातला मी लुहानींचं नाव घेतो. ते मार्क्सवादी; त्यांना हे चाललं असतं की हसले असते, ठाऊक नाही. पण त्यांच्या मरणाची तारीख माझ्यापाशी आहे.

आजीच्या भावाचं नाव मी अजून घेत नाही.