धानाचीही पावती



महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, जेथे शाळाच नव्हती अशा खेड्यांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. लोकांकडे मागताना ते स्वतःच्या ७० रुपयांच्या निवृत्तिवेतनातून दरमहा १५ रुपये त्यात घालीत. मागणाऱ्याने आधी द्यावे, हे आपण जाणतो. आपण अडतो ते पुढच्या पायरीवर.

१९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होण्यापूर्वीची गोष्ट. मी नवा शिक्षक होतो. शाळेच्या कुंपणासाठी वर्गणी मागावयास दिवाळीनंतर, धान घरी आल्यावर निघालो, एवढे बरे केले. रोवणीच्या दिवसांत कोणाच्या घरी काय असते? रोख देणाऱ्यांना पावत्या दिल्या, त्यांची नावे फळ्यावर लिहिली. पायलीभर धान देणाऱ्या एका विधवा बाईंचे नाव मात्र कोठेच आले नाही. पुढल्या वर्षी त्यांच्या दारी गेलो, तेव्हा त्यांनी विचारले, "गुरुजी, मागच्या धानाचं काय झालं?" कुंपण त्यांच्या रोजच्या वाटेवर उभे होते, त्यात त्यांचे धान आहे, हे मी त्यांना सांगितलेच नव्हते.

त्यानंतर मी धानाचीही पावती फाडू लागलो. माप, त्या दिवसाचा भाव, विक्रीची रक्कम, सारे वहीत. आता तर शाळा व्यवस्थापन समिती आहे. जमाखर्च पालकसभेत मोठ्याने वाचावा. काम फसले असल्यास तेही सांगावे. मोठ्या देणगीदाराला शाल-नारळ खुशाल द्या. पण त्या सभेचे बोलावणे पायलीभर देणाऱ्या घरीही जावे, आणि ते मुलाहाती चिठ्ठी धाडून नव्हे, आपण स्वतः जाऊन करावे.